तीन इंची खिळ्याहून हलका पाहुणा

…आणि वर मलाच म्हणतात, ‘आजोबा, जरा खिडकीतून सरकता का?’ खिडकी माझी, स्वयंपाकघर माझं, आणि सरकायचं मी! कुणासाठी? तर एका हमिंगबर्ड नावाच्या चिमुकल्या पाखरासाठी! अहो, त्याहून माझ्या दुकानातला तीन इंची खिळा जड!

तुम्हाला सांगतो, आम्हा ओहायोवाल्यांची रीत म्हणजे या पाखरांसाठी टांगलेली साखरपाण्याची बाटली, ती दक्षिणेला उडाली की, सप्टेंबरात अंगणातून उतरवायची. आमच्याकडे उतरवायची माझी बायको, मार्लीस. ती ऑगस्टमध्ये गेली… बाटली राहिली लटकत. मला कुठलं सुचायला? आणि डिसेंबरात, भर बर्फात, हा तांबूस गडी हजर! ही तांबूस जात इकडे म्हणे जन्मात दिसत नाही. शेजारणीनं फोटो टाकला मात्र, दुर्बिणी काय, कॅमेऱ्यांच्या तिपाया काय, पक्षीवेड्यांची जत्राच! मग मीही दाराशी वही मांडली: नाव, गाव, ‘पक्षी दिसला का?’ पाणी गोठू नये म्हणून बाटलीखाली दिवा लावला. कॉफी दिवसातून चारदा. एकशे बारा माणसं आली हो! सगळी माझ्याकडे पाठ करून बसायची. पण पाठ झाली तरी माणसाचीच ना?

मंगळवारी पठ्ठ्या उडाला. तीन इंची खिळ्याहून हलका, पण जाताना घर रिकामं करून गेला! बुधवारी फोन. ‘आहे का अजून?’ चाळीस वर्षांत नसलेला माल ‘आहे’ म्हटला नाही मी… पण तोंडातून गेलंच, ‘हा काय, दहा मिनिटांपूर्वी येऊन गेला!’

शुक्रवारी लोरेटाबाई नावाच्या एक पक्षीवेड्या तीन तास गाडी हाकत आल्या. एक कॉफी झाली, दुसरी झाली. मी आपला, ‘येईल हं, येईल!’ शेवटी त्या म्हणाल्या,

‘व्हर्लिन, पुरे. काल तिघे हात हलवत परतले, सगळीकडे कळलंय.’

‘मग आलात कशाला?’

‘माझ्याकडेही आला होता एक, दोन वर्षांपूर्वी. तुमचं दहा मिनिटांवर भागलं. मी तर तो गेल्यावर अकरा दिवस सांगत होते, पाच मिनिटांपूर्वीच दिसला म्हणून!’

हसलो हो दोघं, पोट धरून. जाताना त्यांनी वहीत ‘दिसला का?’पुढे ‘हो’ लिहिलं. कोण दिसलं, देव जाणे! दारातून म्हणाल्या, ‘आता ती बाटली उतरवा बरं.’

उतरवतो म्हटलं. स्टूल घेतलं, चढलो, बाटलीला हात घातला… आणि नेमका फोन वाजला. ‘आहे का अजून?’

आता काय सांगणार, तुम्हीच सांगा! म्हटलं, ‘हा काय… पाच मिनिटांपूर्वीच!’