मामांची मोजक्यांतली गाडी

सुधाकरमामांच्या गाडीचं तुम्हाला सांगितलं नाही ना? बिबवेवाडीत त्यांच्याकडे एक जुनी, दोनच सीटची जपानी स्पोर्ट्स कार आहे. अशा किती बनवल्या होत्या, असं त्यांनी हौसेने कंपनीला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, अगदी मोजक्या, आणि त्यातल्याही थोड्याच उरल्या असाव्यात. झालं! मामांनी गाडीवर कव्हर घातलं ते घातलंच. वर्षभर गाडी फाटकाबाहेर नाही.

मग मामींना टायफॉइड झाला. दहा दिवसांनी घरी सोडलं, तर नेमका रिक्षांचा संप. मी हॉस्पिटलच्या दारात मामींना धरून उभा होतो, आणि समोरून मामा तीच गाडी घेऊन आले. स्वारगेटच्या गर्दीत कुणीतरी घासून गेलं होतं. दारावर हा एवढा ओरखडा!

मी कळवळून म्हणालो, "अहो मामा, अशी गाडी परत मिळणार नाही!"

मामा मामींकडे बघत म्हणाले, "आणि ही मिळेल?"

मामी सावकाश सीटवर टेकल्या, पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "मिळत असती, तर हे इतकी वर्षं थांबले असते का?"

मामा इतके हसले, की निघताना त्यांनी गाडी दोनदा बंद पाडली.