मऊ झालेत, मामंजी

अकराची वेळ देऊन दातांच्या डॉक्टरने मला पावणेबारापर्यंत बाहेरच बसवलं होतं. त्याच्या खुर्चीला आग लावावी, असं मनात होतं. समोर दोन जावा बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर डबा.

"जाऊबाई, दात काढल्यापासून दोन महिने मामंजी नुसत्या सूपवर आहेत. निम्मे झालेत. आज हे एग बाइट्स, अंड्याचे हे छोटे केक, खाल्ले नाहीत, तर मी रडेन."

"पहिल्या खेपेला त्यांनी एक भिंतीवर मारला, तो उसळून परत आला!"

"हसू नका! ओव्हन फार तापला होता."

"आणि दुसऱ्या खेपेला?"

"मिक्सर पाच मिनिटं फिरवला. नुसता फेस, आत भोकंच भोकं. म्हणाले, हा स्पंज अंघोळीला ठेव."

"आज काय केलंस?"

"दहाच सेकंद फिरवला. फेस बसू दिला. साचा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला, वर झाकण, आच मंद. मधला भाग थरथरत होता तेव्हाच बाहेर काढला. बघा, डबा हलवते."

"अगं बाई! डुलतायत की!"

"हळू! लोक बघतायत."

"बघू देत मेले! पुन्हा हलव!"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. नवी कवळी बसवलेला म्हातारा बाहेर आला आणि त्याने दात दोनदा कटकट वाजवले.

"मामंजी, आज इतके मऊ झालेत, चावावंच लागणार नाही!"

"मग मला नकोत. दोन महिने न चावताच गिळतोय. तो भिंतीवरून परत आलेला कर. त्याला आता सोडत नाही."

"जाऊबाई, तेव्हा ओव्हन किती तापवला होता हो मी?"