खिडकीजवळचा संगणक उघडा राहिल्याबाबत

माझे नाव व घरचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून घेतला आहे. तशी विनंती मीच केली, कारण उघडे राहिलेले कोणीही वाचतो हे मला आज सकाळी कळले. वय त्र्याहत्तर वर्षे, शिक्षण चौथी, धंदा पूर्वी वेताच्या खुर्च्या विणण्याचा, सध्या काही नाही. घरी एकटा असतो.

समक्ष हजर राहून जबाब देतो की, मला एकच मुलगी आहे. घरात तिला चिमी म्हणतात. तिचे लग्न झालेले आहे. गेल्या वर्षापासून ती नवऱ्याजवळ राहत नाही. तिचा उजवा हात मनगटातून पुरता वळत नाही. त्याबाबत तिने याच ठाण्यात पूर्वी जबाब दिला होता. तेव्हा तिला समजुतीने घे असे सांगण्यात आले होते. ती समजुतीने घरी गेली होती. त्यापुढचे मी सांगत नाही, ती सांगेल.

सध्या ती दुसऱ्या गावी आहे. पत्ता मला माहीत नाही. मी विचारला होता. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीतच नसलं तर तुमच्या तोंडून निघणार नाही. तुम्ही घाबरलात की भडाभडा बोलता." हे खरे आहे. मोबाइल तिने जाताना टाकून दिला, कारण मोबाइलवरून तिच्या नवऱ्याने तिला दोनदा शोधून काढले होते. म्हणून आमचे असे ठरले की, रोज सकाळी दहा वाजता तिने तिकडच्या वाचनालयातल्या संगणकावर बसायचे आणि मी इकडच्या. अर्धा तास मिळतो. तेवढ्यात ती लिहिते, मी वाचतो, मग मी लिहितो, ती वाचते.

आमच्या वाचनालयात लोकांसाठी तीन संगणक आहेत. मी खिडकीजवळच्या संगणकावर बसतो. ग्रंथपाल बाईंनी मला शिकवले. मी एका बोटाने टाइप करतो. बाई म्हणतात, "आजोबा, कोंबडी दाणे टिपते तसं चाललंय तुमचं." पण त्या हसून म्हणतात आणि अर्ध्या तासावर पाच मिनिटे जास्त देतात.

उठताना बाई रोज सांगत, "आजोबा, बंद करून जा हं." मी रोज बंद करत होतो. स्क्रीनखाली उजव्या बाजूला बटण आहे. ते दाबले की स्क्रीन काळा होतो. घरचा टीव्ही असाच बंद होतो. काळा झाला म्हणजे आतले सगळे बंद झाले, अशी माझी समजूत होती. आज बाईंनी ते बटण दाबून दाखवले. माझे पत्र जसेच्या तसे समोर आले. खाते वेगळे बंद करावे लागते, बटणाने फक्त दिवा विझतो, असे त्या म्हणाल्या. त्यांचा दोष नाही. मी बंद केले असे म्हणत होतो, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

काल मी उठलो तेव्हा मागे टोपी घातलेला एक माणूस नंबर लावून उभा होता. तोंडावर रुमाल होता. तो म्हणाला, "झालं का आजोबा? सावकाश उठा." मी खुर्ची सरकवून त्याला वाट करून दिली. आवाज ओळखीचा वाटला, पण बाहेर पायरी उतरायची असल्याने माझे लक्ष पायाकडे होते.

आज सकाळी मी खाते उघडले तेव्हा चिमीचे काल लिहिलेले पत्र आलेले होते. "बाबा, घाबरू नका. छातीत दुखतं म्हणता तर पडून राहा, स्टँडवर येऊ नका. उद्या निघते. चार वाजता पोचेन, तिथून रिक्षाने घरी येते." मी ते पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या छातीत दुखत नाही. मी तिला तसे लिहिले नव्हते. बाईंना बोलावले. त्यांनी पाठवलेली पत्रे काढली. काल मी उठल्यानंतर लगेच माझ्या नावाने पत्र गेले होते. "चिमे, छातीत दुखतंय. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. उद्याच्या उद्या ये. कोणाला सांगू नकोस. बाबा." चिमे हे माझ्या जुन्या पत्रांतून घेतलेले आहे. काल ती तिकडे उशिरा बसली होती, तिची अर्ध्या तासाची वेळ संपली नव्हती, म्हणून तिने ते कालच वाचले.

मी ताबडतोब उत्तर लिहिले की येऊ नकोस. माझ्या एका बोटाने वेळ लागला असता म्हणून बाईंनी टाइप केले. उत्तर आले नाही. ती निघाली होती.

तेथून मी बसस्टँडवर गेलो. जायला नको होते, पण पाय तिकडेच गेले. बाकावर जावई बसला होता. मांडीवर चिमीचे निळे स्वेटर नीट घडी करून ठेवले होते. मला पाहून तो उठला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाबा, तब्येत कशी आहे? छातीत दुखतंय म्हणे."

मी म्हणालो, "बरा आहे."

तो म्हणाला, "बरे आहात तर घरी जाऊन पडा. ऊन लागेल. मी आहे ना इथं."

छातीचे मी कोणाजवळही बोललेलो नाही. ते फक्त त्या पत्रात आहे. म्हणून मी तिथून सरळ इथे ठाण्यात आलो.

विचारल्यावरून सांगतो की, होय, तो तिचा नवरा आहे. नवरा घ्यायला आला तर त्यात गुन्हा काय, यावर माझे म्हणणे असे की, घ्यायला येणारा माणूस दुसऱ्याचे नाव लावून बोलावत नाही. विचारल्यावरून सांगतो की, त्याच्या हातात काही हत्यार दिसले नाही. मागच्या वेळीही नव्हते. दाराची फट होती, तिच्यात चिमीचा हात होता.

पुढे हा जबाब लिहून घेणाऱ्या जमादार साहेबांनी असे ठरवले की, दोन शिपायांनी स्टँडवर त्याच्यावर नजर ठेवावी आणि महिला शिपाई बाईंनी साध्या कपड्यांत अलीकडच्या नाक्यावर गाडीत चढून चिमीला तिथेच उतरवून घ्यावे. मी सोबत येतो म्हणालो. स्टँडवर मी त्याला दिसलो आहे, पुन्हा बाहेर दिसलो तर तो सावध होईल, म्हणून मला इथेच बसवले.

परंतु मी सांगितले की, चिमी अनोळखी बाईबरोबर उतरणार नाही. वडिलांनी पाठवले आहे, असे सांगून तिला पूर्वी एकदा रिक्षात बसवले होते. यावर शिपाई बाईंनी विचारले, "मग आजोबा, माझ्यावर तिनं विश्वास ठेवावा असं काय आहे तुमच्याकडे?" मी खिसे पाहिले. काही निघाले नाही. मग मी डोळ्यांवरचा चष्मा काढून दिला. त्याची डावी काडी मोडलेली आहे. गाव सोडण्याच्या दिवशी चिमीने तिला लाल दोरा गुंडाळून दिला होता. हात दुखत असल्याने गाठ वेडीवाकडी बसली आहे. ती गाठ ती ओळखेल.

बाई चष्मा घेऊन गेल्या आहेत. नाक्यावरून अद्याप फोन आलेला नाही. भिंतीवरचे घड्याळ मला दिसत नाही, म्हणून मी साहेबांना सारखे किती वाजले ते विचारतो. ते सांगतात.

चष्मा जवळ नसल्याने वरील मजकूर मी स्वतः वाचू शकलो नाही. साहेबांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. सही कुठे करायची ते त्यांनी माझे बोट धरून कागदावर टेकवून दाखवले आणि मी तिथे सही केली आहे.