गाल फुगवायचं काम

सकाळी आठला नेकनूरच्या करोडगिरी नाक्यावर, मालावर जकात घेतात तिथं, बँडवाल्यांची बैलगाडी अडवली गेली. मागं रांगेत गुळाची पाटी घेऊन बसलेल्या महानंदाला सनईवाला ईश्वरप्पा आणि ढोलवाला राधाकिशन यांचं बोलणं नीट ऐकू येत होतं.

"मास्तरनं नवा बँड काढला, बारा माणसं कबूल केली, अन् वाजवणारे भरले न्हाईत. म्हणून माझी सनई त्याच्या कुलपाच्या पेटीत अन् हातात पितळी भोंगा. म्हणतो, नुसते गाल फुगव."

"फुगव की बे. कुणाला कळतंय?"

"वडगावच्या लग्नात वरबाप सुंदररावांना कळलं. भर मांडवात इचारलं, ईश्वरप्पा, तुजा आवाज कावून यीना?"

"मंग काय म्हणलास?"

"काय म्हणू? गाल फुगलेले."

महानंदा पदराआड हसली.

"तीन पिढ्या देवळात सनई वाजवली आमी, राधाकिशन. आज मी मांडवातलं बुजगावणं हाय."

तेवढ्यात मास्तरसोबत नाक्याचा शिपाई आला.

"वाजवणाऱ्याचं वाद्य माफ. ज्याला वाजवता येत नाही त्याचं पितळ म्हणजे विकायचा माल, त्याला महसूल पडतो. एकेकानं वाजवून दाखवा."

मास्तरनं ईश्वरप्पाकडं बघून हात जोडले.

ईश्वरप्पानं भोंगा त्याच्या पायाशी ठेवला आणि सनईच्या पेटीची किल्ली मागितली. किल्ली मास्तरच्या कमरेला होती; त्यानं ती अजून सोडलेली नव्हती.