पोत्तच्चायन माझे वडील झाले त्याची गोष्ट

...आणि वर मलाच विचारतात, 'ईप्पा, झाड असं कसं उगवलं?' अहो, मी लावलं का ते? तुम्हाला सांगतो, मला या भानगडीत पडायचंच नव्हतं. पण आमच्या कोट्टयमकडे घराण्याघराण्याचा कुटुंबयोग असतो, वर्षातून एकदा सगळं गणगोत चर्चच्या हॉलमध्ये जमतं, अप्पम-स्ट्यू हाणतं, आणि आपण किती जुने ते एकमेकांनाच ऐकवतं. यंदा अध्यक्ष कोण? आमचे थोरले बंधू पोत्तन, म्हणजे आमचे पोत्तच्चायन; अच्चायन म्हणजे दादा. 'तू कॉम्प्युटरवाला ना? वंशवृक्ष काढ. बिशप येणार आहेत.'

आता यात काढायचं काय असतं? नुसती नावं टाइप करायची, एका ओळीत एक. ज्याचं मूल, ते त्याच्या खाली, ओळीच्या सुरुवातीला दोन जागा सोडून. नातू आणखी दोन जागा आत. रेघा, चौकटी, फांद्या सगळं ते यंत्र आपलं आपण काढतं. दोन जागा सोडायच्या, बस्स. शेंबडं पोर करील... पण आमच्या घरातलं मोठं माणूस करील तर शपथ!

मरियाम्मा काकू म्हणाल्या, 'मला जरा मध्ये घे रे, कोपऱ्यात कोण बघतंय?' चाक्कोकाका म्हणाले, 'भावाशेजारी ठेवू नकोस, आमची बांधावरून केस चालू आहे.' अहो काका, त्याच आईचे ना तुम्ही? यंत्र तुम्हाला ठेवणार कुठे, शेजाऱ्यांच्या झाडावर?

आणि मग अन्नम्मा चेची आली. माझी मोठी बहीण, पोत्तच्चायनच्या पाठची. नवरा गेला, सासरच्यांनी दार लावलं, तेव्हा मुलाला, जोबीला, कडेवर घेऊन इथेच परत आली. आमच्याच अंगणात वाढला हो जोबी, माझ्या खांद्यावर बसून चर्चला यायचा. आखातात नोकरीला गेला तो शवपेटीतूनच आला. चेची स्क्रीनकडे बघत राहिली. तिच्या नावाखाली कोरं. आमच्यात लेकीचं नाव लिहितात, लेकीची मुलं सासरच्या झाडात.

'तिकडे नाही रे घेतलं त्याला,' ती म्हणाली. 'कुठेच नाही. दोनच जागा सोडायच्या असतात ना?'

मी सोडल्या. लिहिलं, जोबी.

पोत्तच्चायननी बघितलं मात्र! 'लेकीचा मुलगा? आज हा घेतलास, उद्या सगळ्या आत्यांची पलटण दारात उभी राहील. काढ.' मी नाही म्हणालो. जन्मात पहिल्यांदा. तर हे फाईल उचलून थेट फ्लेक्सवाल्याकडे गेले, स्वतः कीबोर्डवर बसले आणि जोबीची ओळ उडवली. उडवली ती उडवली, जाता जाता स्वतःचं नावही जरा बाहेर ओढलं. अध्यक्ष माणूस, गर्दीत कशाला? दोन जागा पुसल्या, बस्स.

आता तुम्हीच सांगा, माणूस दोन जागा बाहेर आला म्हणजे कुठे गेला? बापाच्या रांगेत! आणि त्याच्या खालची आम्ही भावंडं होतो तिथेच, म्हणजे आम्ही झालो त्याची लेकरं. त्यांच्या पोरांचा मी सख्खा भाऊ. आणि आमचे वडील बिचारे वर एकटेच, निपुत्रिक. कुटुंबयोगाच्या दिवशी हॉलमध्ये एवढं थोरलं फ्लेक्स, भिंतभर, एकाच्या तरी लक्षात यावं? सगळे फोटो काढत होते. बिशप तर कौतुकानं म्हणाले, 'पोत्तन, देवानं भरभरून दिलंय हो तुला.' आणि हे हात जोडून हसतायत!

चेची एकटीच त्या फ्लेक्सजवळ गेली. आपल्या नावाखाली बोट फिरवलं. काही नाही. मग बोट वर नेलं, तिथे थांबली, आणि सरळ पोत्तच्चायनच्या पंगतीला जाऊन उभी राहिली.

'अच्चाया, तू बाप झालास ना आमचा? मग बापासारखं सांग. नातवाला कुठे ठेवलंस?'

त्यांचा घास हातातच राहिला. फ्लेक्सकडे बघितलं, बिशपांकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, 'पुढच्या वर्षी बघू.' चेची जेवलीच नाही.

ते फ्लेक्स आता त्यांच्या सरपणावर पडलंय. काल निरोप आला, 'ईप्पा, झाड दुरुस्त कर, मला पुन्हा मुलगा कर.' करतो की. दोन जागा सोडायच्या, बस्स. त्यांना मुलगा करायला एवढं पुरतं... चेचीला आई करायला मात्र कुटुंबयोगाच्या सभेचा ठराव लागतो म्हणे.