गाडीखाली वाकून बघणारा माणूस

मालक, आप्पांच्या घरची मंडळी, हमाल बांधवांनो, आणि झाडणीच्या मायबहिणींनो,

मला बोलता येत न्हाई. मी ड्रायव्हर माणूस. बालाजी माझं नाव, कंधारचा. लई वर्षं झाली, या डाळ मिलमध्ये तूर घेऊन येतो आणि डाळ भरून जातो. आतापर्यंत सगळे आप्पांविषयी बोलले, चांगलं बोलले. मी मागं उभा होतो. वाटलं, गुपचूप निघून जावं. पण आज बोललो न्हाई तर मग कधीच बोलणार न्हाई.

काशिनाथआप्पा सोमवारी सकाळी गेले. पूजेला बसले होते, तळहातावर इष्टलिंग होतं, तसेच गेले. घरातल्यांना कळलंसुद्धा न्हाई. गेटवरही तसेच होते. आप्पा कधी मोठ्यानं बोलले असं कुणाला आठवतं का? मला तरी आठवत न्हाई.

पाहुणे मंडळींसाठी सांगतो. आप्पा या मिलच्या गेटवर राखणीला होते. गाडी आत आली की आप्पा ड्रायव्हरकडून चावी मागून घ्यायचे. चावी त्यांच्या बंडीच्या खिशात. माल भरला, ताडपत्री बांधली, कागद झाले, तरी चावी लगेच मिळायची न्हाई. आधी आप्पा गाडीभोवती एक फेरी मारायचे. चारी बाजूंनी. प्रत्येक चाकाजवळ वाकायचे. खाली बघायचे. मग चावी. गाड्या दहा असोत का चाळीस. प्रत्येक गाडीला. प्रत्येक वेळी.

आता तुम्ही म्हणाल, गाडीखाली काय बघायचं?

उन्हाळ्यात या आवारात सावली कुठं हाय सांगा. एक ते लिंबाचं झाड, त्याखाली मालकांची कार. दुसरी सावली ट्रकखालची. जेवण झालं की हमाल तिथं टेकतो. झाडणीच्या बाया सांडलेली तूर गोळा करत करत तिथंच जातात, पदर तोंडावर घेऊन जरा कलंडतात. हे हमालाला माहीत, बायांना माहीत, ड्रायव्हरला माहीत. तरी आम्ही ड्रायव्हर काय करायचो? हॉर्न मारायचो आणि समजायचो, उठला असंल. अहो, मिलच्या मशीनचा आवाज दिवसभर चालू. हॉर्न ऐकतंय कोण?

आम्ही आप्पांवर लई चिडायचो. मालक, तुम्हीपण चिडायचात, आज खरं बोलू द्या. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि हा माणूस निवांत चाकं बघत फिरायचा. हमालही चिडायचे. आप्पांनी त्यांच्यासाठी फक्कीची रेघ मारली होती, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी. पोतं घेऊन त्या रेघेच्या आतूनच चालायचं, रिव्हर्स येणाऱ्या गाडीच्या आडवं जायचं न्हाई. त्यानं वीस पावलं वाढायची. पाठीवर पोतं असताना वीस पावलं म्हणजे काय, ते हमालालाच माहीत. मग एक दिवस आप्पांनी स्वतः पोतं उचललं. त्या वयात. दुपारपर्यंत त्या रेघेतून पोती वाहिली. दुसऱ्या दिवसापासून रेघ कुणी ओलांडली न्हाई. आणि ती रेघ रोज पुसली जायची, रोज सकाळी आप्पा ती परत मारायचे.

मी एकदा विचारलं होतं, आप्पा, तुमच्या घरचं कुणी गाडीखाली गेलं का? तुमच्या डोळ्यासमोर काही झालं का? कारण असं काहीतरी असल्याशिवाय माणूस एवढं करतंय होय? आप्पा हसले. म्हणले,

"न्हाई रे बाबा. काही झालं न्हाई. झाल्यावरच बघायचं असतंय का?"

आजही मला त्याचाच अचंबा वाटतो. कसला धक्का न्हाई, कसला घाव न्हाई, कुणाचा हुकूम न्हाई. तरी हा माणूस वाकत होता.

आता जे सांगायला आलो ते सांगतो.

आठ वर्षं झाली. मे महिना, दुपारची वेळ. कंधारला माझ्या भाचीची हळद होती. मामाशिवाय अडलेलं. गाडी भरून तयार होती आणि आप्पा पार तिकडच्या टोकाला दुसऱ्या गाडीची फेरी मारून राहिले होते. माझ्या सीटखाली दुसरी चावी होती. मी काढली. लावली. गाडी चालू केली आणि गिअर टाकला.

समोर बघतो तर आप्पा. कसे पोहोचले, माहीत न्हाई. बॉनेटवर हात ठेवून उभे. मी वरून ओरडलो, नको ते बोललो. त्यांच्या वयाचाही मान ठेवला न्हाई. आप्पा हलले न्हाईत. फक्त म्हणले,

"बालाजी, खाली ये. आज तूच बघ."

मी इंजिन बंद केलं आणि तणतणत उतरलो. म्हणलं, काही नसतंय खाली, म्हाताऱ्याला दाखवूनच देतो. मागच्या चाकाशी वाकलो. चाळणी उशाला घेऊन एक बाई झोपली होती. पाय टायरला टेकलेला. पायात जोडवी.

मी तिथंच मातीत बसलो.

आप्पांनी वाकून तिला हळूच हलवलं, म्हणले, "सोजर, ऊठ माय, सावली सरकली." ती बाई उठली, पदर झटकला, चाळणी घेतली आणि गेली. तिला काहीच कळलं न्हाई. आप्पांनी मला तांब्याभर पाणी दिलं. म्हणले, हळदीला जा, सावकाश जा. बस. मालकांना सांगितलं न्हाई, युनियनला सांगितलं न्हाई, सोजरकाकूलाही सांगितलं न्हाई. आठ वर्षांत मला एकदा टोमणासुद्धा मारला न्हाई. गेटवर मला बघून हसायचे आणि चावीसाठी हात पुढं करायचे.

सोजरकाकू, तुम्ही पहिल्या रांगेत बसलाय. ती गाडी माझी होती. आप्पांनी माझा कसूर झाकला, मी झाकणार न्हाई. मला माफ करा. न्हाई केलं तरी ऐकून घ्या.

मंगळवारी मी माल भरला. चावी माझ्याच हातात होती, मागायला कुणी नव्हतं. मग मीच फेरी मारली. प्रत्येक चाकाशी वाकलो. खाली काही नव्हतं. माती होती, चार दाणे तुरीचे. तेव्हा कळलं, आप्पांनी उभा जन्म बहुतेक वेळा हेच बघितलं. रिकामी माती. शेवटी शेवटी गुडघे गेले होते, तर जमिनीवर बसून बघायचे आणि टायर धरून उठायचे. हजार वेळा वाकून काही दिसत न्हाई, आणि माणूस पुढच्या गाडीला तसाच वाकतो. मंडळी, एवढा मोठा माणूस आपल्या गेटवर स्टुलावर बसत होता आणि आपण त्याला हॉर्न मारत होतो.

मालक, त्यांच्या जागी कुणालातरी ठेवाल. ठेवा. पण आम्हा ड्रायव्हरांना फेरीतून मोकळं करू नका.

आता दोन मिनिटं सगळे उभं राहू. सोजरकाकू, तुम्ही मात्र उठू नका. तुम्ही बसा. तुम्हाला असं बसलेलं बघतच आम्ही आप्पांना निरोप देतो.

आप्पा, तुमच्याच शब्दात नमस्कार करतो. शरणार्थ.