झोपलेली गाडी

हसू नका, पण गाडीच्या झोपेपायी माझं लग्न जमण्याआधीच मोडणार होतं. काकांना, म्हणजे नानांना घेऊन अमळनेरहून धुळ्याला मुलगी बघायला निघालो, तर वाटेत इलेक्ट्रिक गाडीच्या पडद्यावर 'ड्राइव्ह युनिटमध्ये बिघाड' झळकलं आणि गाडी थांबली. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "बंद करून लांब बसा, गाडीला झोपू द्या, म्हणजे तिचा कॉम्प्युटर पूर्ण बंद होऊ द्या. उठेल तेव्हा चालेल."

निंबाखाली बसलो. पण नाना सारखे उठून तिला बैलासारखं थोपटायचे आणि खिशातल्या चावीमुळे ती जागी व्हायची. शेवटी चावीच काढून घेतली. समोर कपाशी डुलत होती, आमचेही डोळे मिटले.

तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा फोन आला. नाना फोनवर कुजबुजले, "हळू बोला, गाडी झोपेल शे, जागी होईल!"

गाडी उठली, उशिरा का होईना पोचलो आणि लग्न जमलं. सासरे मात्र अजून फोनवर आधी कुजबुजतात, "जावईबापू, उठली का?"